सोलापूरचं नवं नाट्यसंकुल: खुर्च्यांचा आकडा शेवटी ठरवा

सोलापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेच्या मंडळींनी विचारलं आहे: "शहरात नाटक, संगीत आणि नृत्यासाठी नवं संकुल उभारायचं ठरलं, तर ते किती खुर्च्यांचं असावं, कुठे असावं, आणि पैसा नेमका कुठे घालावा? आम्हाला लेखी सूचना द्यायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही."

सुरुवात खुर्च्यांपासून करू नका. नाट्यगृहांची रंगमंच-यंत्रणा आणि ध्वनिरचना हे माझं रोजचं काम. 'हजाराचं करायचं की बाराशेचं' एवढ्यावरच पहिली बैठक संपल्याचं बहुतेक गावांत दिसतं, कारण तो आकडा फलकावर छापता येतो. मी आधी एक कागद मागतो: वर्षभरातल्या कोणत्या संध्याकाळी तिथे कोण असणार? तो कागद जमला की निम्मा नकाशा आपोआप ठरतो.

सोलापूरसाठी तो भरून पाहा. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं. हिवाळ्याच्या तोंडावर राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं; त्या दोन महिन्यांत शाळांना तारखा पुरत नाहीत. भरतनाट्यम-कुचिपुडीच्या क्लासांचे वार्षिक कार्यक्रम, पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाचे तेलुगू कार्यक्रम, अक्कलकोट-विजयपूरकडून येणारी कन्नड नाटकं, उर्दू मुशायरे, कव्वाली, लावणीचे प्रयोग, गाण्याच्या मैफिली. आणि खोटं कशाला बोला, सत्कार, व्याख्यानं, पक्षांचे मेळावे, कंपन्यांच्या बैठका. चार भाषांचं शहर आहे. इथे एकाच साच्याचा प्रेक्षक नाही.

हा कागद वाचताना दोन गोष्टी लगेच दिसतात. आठशे ते हजार माणसं भरतील अशा संध्याकाळी मोजक्या, आणि दीडशे-दोनशे माणसांच्या भरपूर. दोन्हींसाठी एकच मोठा हॉल बांधला की हौशी संस्थेला भाडं परवडत नाही आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रयोग करावा लागतो. म्हणून माझं मत असं: ८०० ते ८५० खुर्च्यांचं एक मुख्य नाट्यगृह आणि त्याला लागून २०० खुर्च्यांचा मोकळा, काळ्या भिंतींचा, खुर्च्या हव्या तशा मांडता येतील असा छोटा हॉल. मुंबईचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून साधारण दोनशे खुर्च्यांवर उभं आहे. तिथला प्रेक्षक नटाच्या तीन बाजूंना बसतो, आणि एका पिढीचं नाटक त्या जवळिकीवर वाढलं. मुंबईच्याच एनसीपीए या कलाकेंद्रातही मोठ्या हॉलांच्या शेजारी तीनशेचं प्रायोगिक थिएटर आहे, ते उगाच नाही. पैसे कमी पडले तर मोठ्यातून शंभर खुर्च्या कापा, पण छोटा हॉल कापू देऊ नका. काटछाटीत पहिला बळी त्याचाच जातो, म्हणून आधीच सांगतो.

बाराशे का नको? नाटकात नटाचा चेहरा दिसावा लागतो. रंगमंचाच्या कडेपासून साधारण २० मीटरपर्यंत डोळ्यांतले भाव कळतात, त्यापलीकडे फक्त हातवारे. ८०० खुर्च्या एका बाल्कनीसह या अंतरात बसतात. बाराशे बसवायच्या तर हॉल लांबवावा लागतो नाहीतर बाजूला इतका पसरावा लागतो की टोकाच्या खुर्च्यांवरून अर्धा सेट दिसत नाही. नाटकांचे प्रयोग लावणारे कंत्राटदार म्हणतील, हजार तिकिटं नसतील तर मुंबईची बस सोलापूरपर्यंत आणणं परवडत नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्यावरचा उपाय हॉलच्या भाड्यात आहे, खुर्च्यांच्या संख्येत नाही.

आता ध्वनी. इथे जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त हॉल बिघडतात, आणि बिघाड उद्घाटनानंतर कळतो.

आवाज थांबल्यावर तो हॉलमध्ये किती वेळ घुमत राहतो, ते सेकंदात मोजतात. नाटकाला ०.८ ते १ सेकंद हवा, आपल्या गाण्याला साधारण १.१ ते १.३. हिशेब साधा आहे: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि हॉलमधल्या एकूण ध्वनिशोषणाने भागा. माणशी ५ घनमीटर धरले तर ८०० खुर्च्यांना ४,००० घनमीटर. १.१ सेकंद हवा असेल तर ५८५ एकक शोषण लागतं (एक एकक म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी जेवढा आवाज गिळते तेवढं). भरलेल्या खुर्च्या प्रत्येकी अर्धा एकक, म्हणजे ४०० देतात. उरलेले १८५ मागची भिंत, पडदे आणि पॅनेल यांतून काढायचे. झालं.

आता याच हॉलला वास्तुविशारदाने भव्यतेसाठी दुप्पट उंचीचं छत दिलं की घनफळ ८,०००. शोषण तेवढंच, घुमणं २.२ सेकंद. त्या हॉलमध्ये संवाद कळत नाहीत, मग स्पीकर वाढवतात, मग तेही कळत नाहीत. दुसरा घोटाळा खुर्च्यांचा. गादी नसलेल्या प्लास्टिकच्या किंवा लाकडी खुर्च्या रिकाम्या असताना जवळजवळ काहीच शोषत नाहीत. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये ध्वनिसंयोजक आवाज लावतो तेव्हा घुमणं पावणेतीन सेकंदांच्या पुढे असतं आणि रात्री प्रेक्षक बसल्यावर १.१. दुपारची सगळी मेहनत वाया. म्हणून चांगली गादीची खुर्ची घ्यायची, रिकामी असतानाही माणसाइतकं शोषणारी. ती चैन समजून निविदेतून उडवू नका.

मुशायरा आणि लावणी यांचा एक वेगळा मुद्दा आहे, तो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. शेर पडल्यावर उठणारी 'वाह' किंवा लावणीला मिळणारी शिट्टी प्रेक्षकाला प्रेक्षकाची आणि कलावंताला प्रेक्षकाची ऐकू यावी लागते. हॉल अगदी मुका केला तर दाद जिथल्या तिथे विरते आणि मैफल रंगत नाही. उपाय: बाजूच्या भिंतींवर जाड पडदे, रुळावर सरकणारे. नाटकाला पडदे बाहेर काढून भिंतीवर पसरायचे, गाण्या-मुशायऱ्याला गोळा करून आत सारायचे. पडदा भिंतीपासून दहा-बारा सेंटिमीटर पुढे आणि भरपूर चुण्या देऊन टांगायचा, भिंतीला चिकटून नाही. नाहीतर तो खालचे स्वर शोषतच नाही. आणि हे पडदे, विंगा, झालरी यांचं कापड सोलापुरात विणता येईल. चादरी-टॉवेलच्या गावाने रंगमंचाचं जाड सुती कापड बाहेरून का मागवावं? अट एकच: सुती कापड पेटतं, त्यामुळे त्यावर अग्निरोधक प्रक्रिया हवी, आणि पाण्यात धुतलं की ती प्रक्रिया निघून जाते. धुणार कोण आणि पुन्हा प्रक्रिया करणार कोण, हे देखभालीच्या करारात लिहा.

बाहेरचा आवाज आत येणं हा सोलापूरचा खास त्रास. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव; मिरवणुका आपल्या अंगवळणी पडल्या आहेत आणि त्यांतल्या काहींत डीजे असतो. डीजेचा खालचा 'धूम' काचेने किंवा एका विटेच्या भिंतीने थांबत नाही. त्याला वजन आणि मधलं अंतर लागतं. हॉलभोवती कॉरिडॉर, फॉयर (प्रेक्षकांचं बाहेरचं दालन), मेकअप रूम गुंडाळून घ्या, म्हणजे रस्ता आणि प्रेक्षक यांच्यात दोन जाड भिंती येतात. प्रत्येक दाराला दोन दारांची छोटी खोली. आणि छत काँक्रीटचं. पत्र्याच्या छताखाली पहिल्या वळवाच्या पावसात प्रयोग थांबवावा लागतो.

रंगमंचाकडे या. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, गावाचं नाव राहू द्या, नूतनीकरणात रंगमंचाला चकचकीत ग्रॅनाइट बसवलं होतं. मुंबईहून आलेल्या नाटकाचा दिवाणखान्याचा सेट होता. सुतार फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीच्या, मागे तिरका टेकू लावायला बसला, तर खिळा जाईना. शेवटी पाण्याचे जार, वाळूची पोती आणि हॉलच्याच लोखंडी खुर्च्या टेकूंवर रचून सेट उभा केला. दुसऱ्या अंकात नायिकेने दार धाडकन आपटून जायचं होतं. तिने ते दोन्ही हातांनी हळूच लावलं आणि प्रेक्षक हसले.

रंगमंच लाकडीच हवा. स्लॅबवर रबरी पॅड, त्यावर लाकडी रिपा आडव्या-उभ्या, त्यावर प्लायचे दोन थर आणि सगळ्यात वर काळा रंगवलेला पातळ बोर्ड, जो दोन-तीन वर्षांनी काढून नवा लावायचा. रिपांच्या खाली लवचिकता का? लावणीच्या किंवा भरतनाट्यमच्या नर्तकीचे गुडघे आणि घोटे काँक्रीटवर काही वर्षांतच जातात. ही वरची बोर्डची चादर खिळे खाण्यासाठीच असते. 'रंगमंचावर खिळे मारू नयेत' अशी पाटी लावायची वेळ आली तर समजा, तो रंगमंच भाषणांसाठी बांधला आहे.

मापं थोडक्यात: पडद्याची उघडी जागा १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच, खोली १० ते १२ मीटर, आणि दोन्ही बाजूंना किमान ६ मीटरच्या विंगा. एकाच दिवशी दुपारी एक आणि रात्री दुसरं नाटक असेल तर दुसऱ्याचा सेट विंगेत उभा राहिला पाहिजे. मागचं दार रंगमंचाच्याच पातळीवर, ३ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच, टेम्पो थेट पाठ लावू शकेल असं. मधे पायऱ्या नकोत, रॅम्पला वळण नको, आणि त्या दारासमोर साहेबांच्या गाड्यांचं पार्किंग तर अजिबात नको. साथीदारांसाठी रंगमंचासमोर झाकता येणारा खड्डा ठेवा. संगीत नाटक आलं की ऑर्गन-तबला तिथे, एरवी वर खुर्च्या.

रंगमंचावरचा मनोरा हा वादाचा विषय. पडदे आणि देखावे सरळ वर उचलून नाहीसे करायचे तर आतली उंची पडद्याच्या उंचीच्या अडीच पट लागते, म्हणजे १५-१६ मीटर, आणि बाहेरून इमारत १८-१९ मीटरची. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये १५ मीटरपासून पुढे उंच इमारतीचे अग्निसुरक्षा नियम सुरू होतात, त्यामुळे अग्निशमन विभागाशी पहिल्याच रेखाटनावर बोला. उंचीचं प्रकरण सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको: होटगी रोडच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली, ते सगळ्यांनी पाहिलं. जागा विमानतळाच्या बाजूला असेल तर उंचीचा ना-हरकत दाखला आराखड्याआधी. मनोरा परवडत नसेल तर निदान १०-११ मीटर उंचीवर पडदे-दिवे टांगायची जाळी तरी द्या. खोटं छत लावून रंगमंचाचा डबा करू नका.

जागेबद्दल. किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या परिसराची सगळ्यांना ओढ असते, आणि दृश्य सुंदर आहे यात वाद नाही. पण भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम चालत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शिवाय जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास वाहन शिरत नाही, आणि तोच तुमचा गॅदरिंगचा हंगाम. उलट टोकाला, शहराबाहेर स्वस्त जागा मिळते म्हणून तिथे गेलात तर रात्री साडेबाराला प्रयोग सुटल्यावर बायका-मुलींनी परत यायचं कसं? रिक्षा मिळते का, हे रात्री तिथे उभं राहून पाहा. माझा कल पार्क चौक ते सात रस्ता या पट्ट्यापासून चालत किंवा रिक्षाने पाच-दहा मिनिटांवरच्या जागेकडे. पूर्व भागासाठी तिथल्याच एखाद्या शाळेचं किंवा समाजाचं सभागृह नीट करून देणं हे वेगळं आणि स्वस्त काम आहे, तेही सूचनांत घाला.

कोणीतरी बंद गिरणीची शेड सुचवेलच. तालमीच्या खोल्या, सेटचं सुतारकाम, छोटा हॉल यांसाठी ती उत्तम. मुख्य नाट्यगृहासाठी नको, कारण गिरणीचे खांब जवळजवळ असतात आणि प्रेक्षकाच्या नजरेआड नेमका खांब येतो. आणि कुठल्याही जागेवर आधी मातीचे खड्डे घेऊन पाहा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम-खडकापर्यंत नेल्याशिवाय गत्यंतर नाही. तलावाजवळच्या जागेत तळघराला पाणी लागलं तर साथीदारांचा खड्डा पहिल्यांदा भरतो.

उकाडा. प्रेक्षक बसल्या जागी माणशी साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. ८०० माणसं म्हणजे ८० किलोवॅट, जवळजवळ २३ टन वातानुकूलन फक्त माणसांसाठी. त्यात एप्रिल-मेमधली ४२ अंशांची बाहेरची हवा २४ वर आणण्याचा बोजा याहून मोठा निघतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणारी हवा गार करून घेणारी यंत्रणा बसवा, तिचे पैसे वीजबिलात परत मिळतात. पाण्यावर चालणारे चिलर (वातानुकूलनाची गारवा तयार करणारी यंत्रं) वीज कमी खातात, पण उजनीचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या शहरात मी हवेवर चालणारेच घेईन. फॉयरला वातानुकूलन नकोच. उंच छत, सावली आणि कूलर. आणि हॉलचे डक्ट मोठे ठेवा, म्हणजे हवा सावकाश आणि आवाजाविना येते. 'हळवा प्रसंग आहे, एसी बंद करा' असा निरोप विंगेतून जातो तेव्हा दोष यंत्राचा नसतो, डक्टमध्ये वाचवलेल्या पत्र्याचा असतो.

स्वच्छतागृहांचा हिशेब कोणी करत नाही, तुम्ही करा. ८०० पैकी ४०० बायका, मध्यंतरात त्यांतल्या निम्म्या जाणार. पंधरा मिनिटांत एक टॉयलेट सात जणींना पुरतं. म्हणजे २८-२९ टॉयलेट लागतात. नियमावलीच्या किमान आकड्यावर भागवलंत तर तिसरी घंटा झाल्यावरही रांग संपत नाही आणि पुढच्या अंकाची पहिली पाच मिनिटं खुर्च्यांच्या आवाजात जातात. चाकाच्या खुर्चीची जागा फक्त प्रेक्षकांत नको, मेकअप रूम ते रंगमंच हा रस्ताही तसाच हवा; कलावंतही चाकाच्या खुर्चीवर असू शकतो.

आगीबद्दल घाईत लिहू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ साली उभं राहिलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं; दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, त्यांतली बरीचशी गुदमरून, बाहेर पडायचे मार्ग अडलेले होते म्हणून. रंगमंच म्हणजे कापड, लाकूड, रंग आणि गरम दिवे एका जागी. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात आग रोखणारा पडदा, रंगमंचाच्या माथ्यावर धूर सोडणारी झडप, आणि बाहेर उघडणारी, प्रयोगात कधीही कुलूप न लागणारी दारं. फुकट घुसणाऱ्यांना अडवायला व्यवस्थापक दार साखळीने बांधतात, हे मी आजही पाहतो. आणि सोलापूरसाठी खास: आगीची पाण्याची टाकी वेगळी बांधा. पाणी आलं नाही त्या आठवड्यात तिच्यातून स्वच्छतागृहाला पाणी उचलता येणार नाही, अशी पाइपांची रचना करा.

आता पैसा, म्हणजे खरं दुखणं. इमारतीचे पैसे राज्याकडून, नगरोत्थान योजनेतून, जिल्हा नियोजन समितीतून मिळतात. चालवायचे पैसे मात्र कुठल्याच योजनेत नसतात. रंगमंच-यंत्रणा, दिवे, ध्वनी आणि खुर्च्या मिळून एकूण खर्चाच्या पाव हिश्श्यापर्यंत जातात आणि हा पाव हिस्सा दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठी पहिल्या वर्षापासून वेगळं खातं हवं, भाड्यातला ठरावीक वाटा त्यात जायला हवा, आणि ते पैसे गटारीकडे वळवता येणार नाहीत असा सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. दुसरं, माणसं. मुख्य तंत्रज्ञ, प्रकाश आणि ध्वनीचा प्रत्येकी एक, वीजतंत्री, वातानुकूलनाचा चालक, हॉल व्यवस्थापक: ही पदं पालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, उद्घाटनाआधी मंजूर करून घ्या. नाहीतर दुसऱ्या विभागातला शिपाई प्रकाशयोजनेच्या बोर्डवर बसलेला सापडेल.

निविदेतही एक मेख आहे. सरकारी दरसूचीत विटा, सळ्या, फरशा सगळं असतं, रंगमंचाची यंत्रणा नसते. म्हणून ती स्थापत्याच्या निविदेच्या शेपटाला जोडली जाते आणि ठेकेदार ती तिसऱ्याकडून स्वस्तात करून घेतो. रंगमंच-यंत्रणेची निविदा वेगळी काढा आणि निवड फक्त सर्वांत कमी दरावर नको, गुणांवरही असू द्या. ध्वनिसल्लागार आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून हवा; भिंती झाल्यावर बोलावलेला सल्लागार फक्त पॅनेल विकतो. आणि अंतिम बिलाआधी चाचणीची अट घाला: वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून हॉलमधला आवाज मोजायचा, घुमण्याचा वेळ मोजायचा, आणि एखाद्या हौशी संस्थेने सेट लावून, माइक न वापरता, भरल्या हॉलमध्ये एक प्रयोग करायचा. ती संस्था तुमची असू शकते.

शेवटचं एक, तुमच्या पत्रात वेगळा परिच्छेद करून लिहा. नवं संकुल झालं म्हणून हुतात्मा स्मृती मंदिर, शहरातलं सध्याचं नाट्यगृह, दुर्लक्षात जाता कामा नये. दोन्हींचं बुकिंग एकाच ठिकाणी, एकाच कॅलेंडरवर ठेवा. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी नव्या संकुलात नाटक-गाण्यालाच, सत्कार आणि मेळावे आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा दुसऱ्या सभागृहात, आणि झालेली तारीख कुणाच्याही फोनवरून रद्द होणार नाही असा लेखी नियम. तो मान्य झाला तरच आराखड्यावर पुढची चर्चा करायला बसा.